पुसू नका, झाका

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या मोठ्या गावात माणसाचा फोटो त्याच्याबरोबर वयानं वाढत जातो: बारशाला, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, लग्नाच्या अल्बममध्ये आणि सरतेशेवटी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’खाली. हा शेवटचा फोटो बहुधा मुद्दाम काढलेला नसतो. आजीचा एकटीचा फोटो घरात सापडत नाही, मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला वेगळं काढावं लागतं. फ्लेक्सच्या दुकानातला नवशिका पोरगा अशा वेळी फोटोशॉपमध्ये इरेजर घेतो आणि आजूबाजूचं पुसत सुटतो. त्याला पहिल्याच दिवशी लेयर आणि मास्क शिकवावा, असं मला ठामपणे वाटतं. मास्कवर काळा ब्रश झाकतो, पांढरा उघडतो, राखाडी अर्धवट दाखवतो. आजीच्या डोक्यावरच्या पदराची कड, कानाजवळचे विरळ पांढरे केस, इथं कडक ब्रश चालवला की चेहरा कात्रीनं कापल्यासारखा दिसतो. मऊ ब्रशनं, ओपॅसिटी कमी ठेवून, हलक्या हातानं झाकत जावं. जास्त झाकलं गेलं तर पांढरा फिरवला की केस परत येतात. पुसून सेव्ह केलेले येत नाहीत.

फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी वर चिकटवलेलं चित्र खालच्यात कायमचं मिसळून जाई. जेपीजी केली की आजही तेच होतं, म्हणून लेयर वेगळे ठेवणारी पीएसडी फाइल जपायची. यावर दुकानदार म्हणतील, गिऱ्हाईक दारात उभं आहे, दहाव्याच्या आत फ्लेक्स लागायचा आहे, फाइलही जड होते. जड होते हे खरं. पण ब्रश तोच आणि वेळही जवळपास तेवढाच. शिवाय वर्षश्राद्धाला तोच फोटो पुन्हा लागतो. हल्ली मोबाइल एका बोटात पार्श्वभूमी काढून देतो, हेही खरं; मात्र पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा पदर त्याला नीट उमगत नाही, तो हातानंच सावरावा लागतो. खरा आक्षेप वेगळा आहे: हा फोटो खोटा नाही का? आजीच्या खांद्यावर नातवाचा हात होता, तो आपण लपवला. मान्य. पण झाकलेला हात फाइलमध्ये शाबूत राहतो. पुसला तर त्या फाइलपुरता तो कधी नव्हताच. मूळ फोटो हरवला तर घरच्यांकडे उरेल ती हीच फाइल. म्हणून फ्लेक्सबरोबर पीएसडीही घरच्यांना द्यावी. फोटोशॉप नसलं तरी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर ती उघडतं.