भोवऱ्यांतील स्मृति

गेल्या वैशाखांत माझ्या सहधर्मचारिणीचें वर्षश्राद्ध झालें. तिच्या आवाजांतील ओव्या नातवानें संगणकाच्या हार्ड डिस्कवर सांठविल्या होत्या. त्या ऐकाव्या म्हणून बसलों, तों तबकडीच बिघडलेली! जणूं दुसऱ्यांदा वियोग घडला.

नातू पदार्थविज्ञान शिकतो. माझें समाधान करावें म्हणून तो एक नवल सांगूं लागला.

चुंबकीय धातूच्या प्रत्येक अणूंत एक अतिसूक्ष्म चुंबकसूची आहे असें मानावें. तबकडीच्या एका ठिपक्यांत अशा असंख्य सूच्या एकाच दिशेस तोंड करून असतात. तीच तिची लिपि. परंतु कांहीं पातळ पापुद्र्यांत सूच्यांचा भोवरा बनतो. मधली सूची खालीं पाहते, कडेच्या वर, आणि मधल्या क्रमाक्रमानें वळत जातात. टोनी स्किर्म ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञावरून त्यास ‘स्किर्मिऑन’ म्हणतात. म्यूनिककडील संशोधकांस तो २००९ सालीं मँगॅनीज सिलिसाइडमध्यें आढळला. २०१३ सालीं हॅम्बुर्ग येथें, अतिशय थंड अवस्थेंत, अवघ्या दोन अणूंच्या जाडीच्या पापुद्र्यावर असे भोवरे एकेक करून लिहिले व पुसले गेले. त्यांचा व्यास कांहीं नॅनोमीटर. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग! भोवरा असला तर १, नसला तर ०.

“पण तो टिकतो कसा?” मीं विचारलें.

“आजोबा, सूच्या थोड्या थोड्या फिरवून हें वळण उलगडत नाहीं. तें एके ठिकाणीं तोडावेंच लागतें.”

मला घनपाठ आठवला. वडील आम्हां मुलांकडून पदें म्हणवून घेत: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुनः एक-दोन-तीन. एक पद निसटलें कीं वीण उसवे आणि चूक तत्काळ कानांवर येई. तेथेंही रक्षण गुंफणीचेंच.

“मग हे भोवरे अभंग म्हणावयाचे?”

“नाहीं, आजोबा. उष्णतेनें ते मोडूं शकतात. विद्युत्प्रवाहानें ढकलले तर सरळ न जातां बाजूस सरकतात, आणि कडेस लागून नाहींसेही होतात. त्यांची तबकडी अजून बाजारांत आलेली नाहीं.”

मी उगाच बसून राहिलों. इतक्यांत स्वयंपाकघरांतून सूनबाईचा आवाज आला. सासूबाईंची ओवी ती हळूच म्हणत होती. दोन म्हणून झाल्या, तिसरीस अडली.

ती मला येत होती.