मी घरचाच!

चोराने कुलूप फोडले असे ऐकले, की आपल्याला वाईट वाटते. पण कुलपाविषयी थोडा आदरही वाटतो. बिचारे शेवटपर्यंत झुंजले! परंतु कुलूप शाबूत, किल्ली खिशात, पहारेकरी जागा, आणि तरीही चोर माजघरात बसलेला, असे झाले तर दोष कुणाला द्यायचा?

हा प्रश्न मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने घातला. संगणकांची जाळी राखणे हा त्याचा व्यवसाय. मोठ्या कचेऱ्या, रुग्णालये, बँका आपल्या जाळ्याच्या वेशीवर फायरवॉल नावाचे यंत्र बसवतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घ्यायची, हे त्याचे काम. कुणाला सोडावे नि कुणाला अडवावे याचे हुकूम या यंत्राला जिथून देतात, त्या खोलीलाही दार असते आणि दाराशी परवलीचा शब्द विचारला जातो.

"सर, तो शब्द कुणी ओळखलाही नाही आणि चोरलाही नाही," तो म्हणाला. "दारानं तो विचारलाच नाही!"

मला ते खरे वाटेना. तेव्हा त्याने जगजाहीर झालेली उदाहरणे सांगितली. २०२२ च्या ऑक्टोबरात फोर्टिनेटच्या यंत्रांतली अशी एक खोड उघडकीस आली. १२७.०.०.१ हा संगणकाच्या दुनियेतला पत्ता म्हणजे ज्याचा त्याने स्वतःलाच दिलेला पत्ता. आपण 'अस्मादिक' म्हणतो ना, तसा. बाहेरच्या माणसाने आपल्या निरोपावर हा पत्ता घालायचा आणि यंत्राच्याच एका घरगड्याचे नाव सांगायचे. यंत्र समजे, हा तर मीच! मग पाहुणा कारभाऱ्याच्या नावावर स्वतःची किल्ली ठेवून घेई.

२०२४ च्या नोव्हेंबरात कळलेली पालो आल्टोच्या यंत्रांची तऱ्हा याहून साधी. दर्शनी कारकुनाने आलेल्या कागदावर 'तपासणी चालू' असा शेरा मारायचा आणि आतल्याने तो पाहून ओळख विचारायची, अशी तिथली वहिवाट. पण एखाद्या वाटेवर कारकुनाचा शेरा पडायचा राहून जाई. त्या वाटेने पाहुणाच 'तपासणी बंद' असे लिहून घेऊन आला, की आतला मुकाट्याने कारभाऱ्याची खुर्ची पुढे सरकवी.

ऐकताना मला लाल महाल आठवला. १६६३ च्या एप्रिलात महाराज शाहिस्तेखानाच्या छावणीत शिरले, ते तट फोडून नव्हे. आम्ही याच लष्करातले, चौकीवर चाललो आहोत, असे पहारेकऱ्यांना सांगून मंडळी आत गेली, असे म्हणतात. वर्गात हा प्रसंग आला की पोरे बाके बडवतात. पहारेकऱ्याची कीव कुणालाच येत नाही. त्याचे चुकले ते एवढेच, की येणाऱ्याची ओळख त्याने येणाऱ्याच्याच तोंडून पटवून घेतली.

गंमत मात्र इथेच संपते. माझ्या विद्यार्थ्याच्या माहितीतल्या एका कचेरीत असेच कुणी शिरले, तेव्हा पहिला जाब विचारला गेला तो नोंदी ठेवणाऱ्या एका बाईंना. "तुमचाच शब्द फुटला असणार!" बाई दर महिन्याला शब्द बदलणाऱ्या, कागदाच्या चिटोऱ्यावरसुद्धा तो कधी लिहिलेला नाही. चार दिवस त्या मान खाली घालून कामावर आल्या. पाचव्या दिवशी उलगडा झाला, की कुणाचाच शब्द वापरला गेला नव्हता. बाईंची माफी मागावी, हे मात्र कुणाला सुचले नाही.

बरे, भोक बुजवले म्हणजे घर मोकळे झाले, असेही नाही. २०२४ च्या जानेवारीत इव्हांतीच्या यंत्रांत ओळख चुकवून आत नेणारी वाट सापडली. तेव्हा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने सरकारी खात्यांना २ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपर्यंत ती यंत्रे जाळ्यापासून तोडायलाच सांगितले. पुन्हा जोडण्याआधी ती कारखान्यातून निघाल्यासारखी कोरी करायची होती. दार दुरुस्त केल्याने माळ्यावर दडलेला माणूस खाली उतरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. विद्यार्थ्याचे म्हणणे असे, की हुकूम देण्याची खोली मुळात रस्त्याकडे उघडूच नये. घरातल्या ठरावीक जागेवरूनच तिथे जाता यावे.

लोकांना लांबलचक शब्द पाठ करायला लावणे सोपे असते. ते लावावेत, पण एखाद्या माणसाकडे बोट दाखवण्यापूर्वी दाराकडेही एकदा पाहावे. चोर कधी 'मी परका' असे सांगत नाही.

त्या बाईंनी पुढच्या महिन्यातही ठरल्या दिवशी आपला शब्द बदलला, असे कळले.