बाळकुमची खोली आणि पस्तीसची लेन्स

कापूरबावडीहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की बाळकुम नाका लागतो आणि पुढे कशेळीचा पूल. पुलाखाली खाडी, काठाला तिवरे. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यात बगळे उतरतात. मागे वळून पाहिले तर उंच इमारतींच्या फटींतून येऊरचे डोंगर दिसतात. असरनंतर आम्ही दोघे या बाजूला फिरायला येतो. गेल्या वर्षी सोबत भाची येऊ लागली, गळ्यात चुलतभावाने दिलेला जुना निकॉन डी ३४०० अडकवून.

बगळे टिपणे हा तिचा छंद. डोक्यात होते वेगळेच. आपल्याकडे लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर नको असतो आणि बाई फोटोग्राफर सहजी मिळत नाही. मग नवरीचे फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये राहतात आणि मोबाईलबरोबर जातात. "खाला, हे काम मी करीन," ती म्हणाली. शाबानमध्ये भिवंडीला नात्यातलेच लग्न होते. ते जमले तर पुढची कामे मिळणार होती आणि कॉलेजची फी तिची तिला भरता येणार होती.

घरी मेंदीच्या हातांवर सराव केला. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे हात हलल्यासारखे आले. दोष तिचा नव्हता. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स ३५ वर आणली की एफ ४.५ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ ची लेन्स त्याच्या सुमारे सहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे शटर एक विसांश सेकंद उघडे ठेवावे लागते, तिथे एक सव्वाशांशात काम होते. हात हलले तरी फोटो हलत नाही.

आमची मर्यादा दहा हजार. घाई नडली ती इथेच. ओळखीतल्या एकाने ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात देऊ केली, आम्ही घेतली. कॅमेऱ्याला बसली छान, पण फोकस काही केल्या आपोआप होईना. नंतर कळले की निकॉनच्या 'डी' लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या अंगात असावी लागते. आणि डी ३००० व डी ५००० या स्वस्त मालिकांत ती नाही. हाताने फोकस करता येतो, पण हसत्या नवरीला कोण थांबवणार? या कॅमेऱ्यांसाठी नावात 'एएफ-एस' असलेली लेन्स पाहावी. कॅननवाल्यांना ही अडचण नाही. त्यांच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच, आणि ५० एमएम एफ १.८ एसटीएम ही त्यांची नेहमीची स्वस्त निवड.

लेन्स परत केली, थोडे पैसे गेले. मग ५० घ्यायची की ३५? सगळे म्हणत होते ५०, चेहरे सुंदर येतात. भाचीने जुन्याच लेन्सची कडी ५० वर फिरवून चिकटपट्टी लावली आणि दिवसभर घरात तशीच वापरली. आमच्या दहा फुटी खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी आजी आणि तिच्या शेजारची नात एकत्र मावेनात. दुसऱ्या दिवशी पट्टी ३५ वर. त्यात दोघी आल्या, दाराशी उभी मावशीही आली. हिशोब सोपा आहे: या आकाराच्या सेन्सरवर दहा फुटांवरून ५० मध्ये पावणेपाच फूट रुंदी मावते, ३५ मध्ये पावणेसात. लग्नघरात नवरी सजते ती खोली याहून मोठी नसते. हा प्रयोग फुकट आहे. कुणीही दुकानात जाण्याआधी करावा.

मग टीएमटीने ठाणे स्टेशन, तिथून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि समोरचा बोरा बाजार. अरुंद गल्ली, वर जुन्या इमारती, खाली कॅमेऱ्यांची दुकाने. २००९ साली आलेली एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ १.८ जी वापरलेली मिळते का, हे विचारत फिरलो. तिसऱ्या दुकानात मिळाली. भाचीने पर्समधून टॉर्च काढली. मागच्या बाजूची बारीक पट्टी बोटाने सरकवून पाती उघडली, एका बाजूने उजेड टाकला, दुसऱ्या बाजूने पाहिले. काचेत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि मग लेन्स कितीही स्वस्त असली तरी नको. बाहेरच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही. त्यावर उलट भाव कमी करून घ्यावा. तिने घेतला. दुकानदार आमच्याकडे पाहून म्हणाला, "मुलगी तयार आहे." आम्ही दोघे उगाच खूश.

खाडीकाठी राहायचे तर खरा खर्च पावसाळ्यात असतो. आता लेन्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहते, शिरखुर्म्याच्या शेवयांच्या डब्याशेजारी. ईदला एकदा चुकीचा डबा उघडला गेला, ते जाऊ द्या.

भिवंडीच्या लग्नात ती आतल्या खोलीत तीन तास होती. फ्लॅश एकदाही वापरला नाही. नवरीच्या आईने दुपट्टा नीट करताना मुलीच्या कपाळावर हात ठेवला, तो क्षण तिच्याकडे आला. पैसे घेताना तिला संकोच वाटत होता. नवरीच्या फूफीने पाकीट हातात कोंबले आणि कौशातल्या आपल्या मुलीच्या लग्नाची तारीख सांगितली.

परवा कशेळीच्या पुलाजवळ एक धीवर केबलवर बसला होता. ३५ मधून तो निळा ठिपका दिसत होता. "खालू, ५५-२०० ची लेन्स जुन्यात केवढ्याला असेल?" आम्ही म्हटले, कौशाचे लग्न होऊ दे.