टेकडीवर कोण राहतं

मलबार हिल म्हटलं की आपल्या पोरांना म्हातारीचा बूट आठवतो. शाळेची सहल जाते, बूट बघते, हँगिंग गार्डनमध्ये डबा खाऊन परत येते. त्या हिरवळीखाली काय आहे हे मास्तर सांगत नाही. खाली पाणी आहे दोस्तांनो. १८८० च्या दशकात इंग्रजांनी बांधलेला जलाशय, पंधराएक कोटी लिटरचा. टेकडी उंच, म्हणून पाणी आपसूक गिरगाव, ग्रँट रोड, कुलाब्याकडं उतरतं. १९२७ साली महाडला ओंजळभर पाण्यापायी ज्यांच्या बापजाद्यांची डोकी फुटली, त्यांना तरी हे ठाऊक पाहिजे.

माझी आई वीस वर्षं त्या टेकडीवर भांडी-लादी करते. पहाटे कल्याणहून लोकल, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरून बस. मी भिवंडीत लूमवर. आजा लोअर परळच्या गिरणीत होता, १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेला तो पुन्हा खात्यात पाऊल टाकू शकला नाही. आईच्या तोंडून ऐकून ऐकून टेकडी डोक्यात बसली, मग मी तिचा इतिहास वाचायला घेतला. रात्रपाळीच्या सुट्टीत, जमेल तसा.

इतिहास सुरू होतो रामापासून. त्यानं वाळूची पिंड केली ते वाळकेश्वर, बाण मारून पाणी काढलं ती बाणगंगा. शंबुकाचं काय केलं ते त्याच हातानं, पण ते तिथल्या पाटीवर नसतं. खरं तळं शिलाहारांच्या काळातलं. पोर्तुगीजांनी मोडलेलं देऊळ १७१५ साली रामा कामती नावाच्या शेणवी व्यापाऱ्यानं पुन्हा उभं केलं. आजही तळं गौड सारस्वत ब्राह्मणांच्या ट्रस्टचं. तिथून पुढं बाकी सगळं रान. मग १८२० च्या दशकात गव्हर्नर एल्फिन्स्टननं टोकावर बंगला बांधला, आणि साहेब चढला तिथं शेठ चढला. पारशी, गुजराती, मारवाडी, जैन, खोजे, संस्थानिक. स्वातंत्र्यानंतर मंत्री. जिन्नांनी १९३६ साली इथंच बंगला बांधला, गांधी-जिन्ना बोलणी १९४४ ला त्यातच झाली. त्याच शहरात आपला बॅरिस्टर १९३४ पर्यंत परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत राहिला. पुस्तकं ठेवायला जागा नाही म्हणून राजगृह बांधावं लागलं.

आता तिथं जात कुणी विचारत नाही. 'खाणं काय?' असं विचारतात. आपल्या एका साथीला बरी नोकरी लागली, खोली बघायला गेला. एजंटानं आडनाव ऐकलं, मग मटण-मासळीचं विचारलं, मग फोन उचलणं बंद. बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात लोक काठ्या घेऊन बाहेर काढायला आले होते. आता काठी लागत नाही एवढीच काय ती प्रगती.

घटनेचं कलम १५ काढून वाचा. दुकानं आली, हॉटेलं आली, विहिरी, तळी, घाट, रस्ते आले. सोसायटी आली नाही. २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सांगितलं, सभासद आपल्याच समाजापुरते ठेवणारा नियम चालतो. एका समाजाला हक्क म्हणून मिळालं ते दुसऱ्याच्या तोंडावर कडी म्हणून बसलं. ह्यावर आपल्या वकील मंडळींनी बोलावं, मला इतकंच कळलं.

२०२३ साली महापालिका जलाशय नव्यानं बांधणार होती. ३८९ झाडांचा प्रश्न आला, टेकडीवरचे लोक उठले, तज्ज्ञांची समिती बसली, काम अडलं. झाडं वाचली ते बरंच झालं. पण गिरण्यांच्या सहाशे एकरांचा निकाल २००६ साली मालकांच्या बाजूनं लागला तेव्हा माझा आजापण उठला होता. त्याच्यासाठी कुठली समिती थांबली?

आईच्या बिल्डिंगीत दोन लिफ्ट. एक माणसांची, दुसरीत कचऱ्याचे डबे, कुत्री आणि कामवाल्या. बिल्डिंगीचं नाव लिहू नको म्हणाली, काम जाईल. म्हणून लिहीत नाही. दारातल्या वहीत वॉचमन तिचं नाव, वेळ, फ्लॅट नंबर रोज लिहितो. ड्रायव्हर, स्वयंपाकी, मोलकरणी, झाडूवाले, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या पोरी, सगळे त्या वहीत. टेकडीवर कोण कोण असतं हे कळायला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा ती वही बरी. तीत आडनावं बघा, आपलीच.

घरेलू कामगारांसाठी २००८ साली राज्यात कायदा झाला, कल्याण मंडळ आलं. आईच्या बसमधल्या बायांना विचारलं, बहुतेकींना पत्ताच नाही. सकाळी सातच्या सुमाराला ग्रँट रोडच्या बस स्टॉपवर त्या उभ्या असतात. येत्या रविवारपासून मी तिथं असेन. ज्यांना जमेल त्यांनी यावं, वही-पेन घेऊन. बायांना रविवारची पण सुट्टी नसते.