केडल्स्टनचा प्रासाद आणि त्याची कलकत्त्यांतील प्रतिमा

इंग्लंडच्या मध्यभागीं डार्बीशायर म्हणून एक परगणा आहे. तेथील डार्बी शहराच्या वायव्येस सुमारें चार मैलांवर केडल्स्टन हॉल नांवाचा प्रासाद उभा आहे. सरदार-जमीनदारांचे असे वाडे त्या देशांत शेंकड्यांनीं मोजावे लागतील. परंतु या एका वाड्याशीं आपल्या देशाचा, आणि आडवळणानें आपल्या पुण्याचाहि, जो संबंध आला तो ध्यानांत घेण्याजोगा असल्यामुळें त्याची हकीकत सुज्ञ वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटलें.

केडल्स्टन येथें कर्झन घराण्याची वस्ती बाराव्या शतकापासूनची. इ. स. १७५८ मध्यें सर नॅथॅनियल कर्झन या जहागिरीचे धनी झाले. वडिलार्जित घर बांधून पुरतीं साठ वर्षेंहि झालीं नव्हतीं. परंतु नव्या धन्यास तें पसंत पडेना. त्यांनीं तें पाडून १७५९ मध्यें नव्या वास्तूस आरंभ केला. एवढ्यानें भागलें नाहीं. वाड्याभोंवतीं विस्तीर्ण उद्यान हवें, म्हणून जवळचें खेडेंहि तेथून हलविण्यांत आलें. गांवचें मध्ययुगीन चर्च तेवढें वाड्याला खेटून आज एकटें उभें आहे. ज्या कुळांसाठीं तें बांधलें, त्यांचीं घरें मात्र दूर गेलीं.

बांधकामास प्रथम ब्रेटिंगहॅम व पेन हे दोन वास्तुकार नेमले होते. इतक्यांत रॉबर्ट ॲडम हा तरुण स्कॉटिश वास्तुकार इटलीहून शिक्षण घेऊन परतला. त्याची चित्रें पाहून कर्झनसाहेब इतके संतुष्ट झाले कीं, आधीं उद्यानाचें आणि पुढें सर्व वास्तूचें काम त्यांनीं त्याच्याच हातीं सोंपविलें. उत्तरेकडील दर्शनी भाग बहुतांशीं पेनच्या योजनेप्रमाणें झाला. सहा भव्य स्तंभांचा मंडप हें त्याचें मुख्य लक्षण. दक्षिणेकडील बाजू मात्र सर्वस्वीं ॲडमची. रोममधील कॉन्स्टन्टाइन बादशहाच्या विजयकमानीचें रूप त्यानें एका गृहस्थाच्या घराच्या भिंतीला दिलें.

आंत शिरतांच संगमरवरी दिवाणखाना लागतो. त्यांत सुमारें पंचवीस फूट उंचीचे वीस स्तंभ असून ते गुलाबी छटेच्या अलाबास्टर दगडाचे आहेत. त्याच्या पलीकडे वर्तुळाकार सभागृह. त्याचा व्यास ४२ फूट, घुमटाची उंची ६२ फूट. रोमच्या पँथिऑन मंदिराचा आदर्श समोर ठेवून तें रचलें आहे. एका अंगास संगीत, चित्रकला व ग्रंथ यांचीं दालनें, दुसऱ्या अंगास भोजनगृह व थोर पाहुण्यांचें शयनगृह. तेथील पलंगाचे खांब ताडवृक्षांच्या आकाराचे कोरलेले आहेत.

आतां आमच्या वाचकांतील गृहिणी विचारतील, या घरांत माणसें कोठें राहत, आणि चूल कोठें होती? प्रश्न अगदीं मर्माचा आहे. मुख्य वास्तु पाहुण्यांकरितां आणि वैभव दाखविण्याकरितां. कुटुंब राही तें पूर्वेकडील स्वतंत्र उपगृहांत, आणि स्वयंपाक होई तो पश्चिमेकडील दुसऱ्या उपगृहांत. दोन्ही उपगृहें वळणदार मार्गिकांनीं मुख्य वास्तूस जोडलेलीं आहेत. अर्थात् अन्न ताटांत येईपर्यंत त्यास मोठा प्रवास घडे. गृहिणीसच गृह म्हणावें असें आपले सुभाषितकार सांगतात. येथें गृहिणी एका बाजूस, चूल दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें जें उभें तें केवळ लोकांनीं पाहण्यासाठीं! डॉक्टर जॉन्सन हे सुप्रसिद्ध कोशकार १७७७ मध्यें येथें आले असतां, हें घर नगरसभेच्या इमारतीस छान शोभलें असतें अशा अर्थाचा शेरा त्यांनीं मारला, तो कांहीं उगाच नव्हे.

मूळ योजनेंत अशीं चार उपगृहें होतीं, परंतु दक्षिणेकडील दोन कधींच उठलीं नाहींत. तीं उठलीं सहस्रावधि कोसांवर, हुगळीच्या तीरीं. इ. स. १७९९ मध्यें गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली यांनीं कलकत्त्यास स्वतःकरितां नवें निवासस्थान बांधावयास घेतलें. वास्तुकार कॅप्टन चार्ल्स वायट. याचा चुलता सॅम्युएल वायट केडल्स्टनच्या बांधकामावर देखरेखीस होता, तेव्हां नमुना कोठून घ्यावयाचा हें शोधावें लागलें नाहीं. येथें चारी उपगृहें पुरीं झालीं, आणि चोहोंकडून वारा खेळावा या दृष्टीनें उष्ण हवेंत ती रचना सोयीचीहि ठरली. मात्र दगडाच्या जागीं वीट व चुना आला. आणि स्वयंपाकघर? तें तर आवाराच्याहि बाहेर गेलें!

हें भवन १८०३ च्या आरंभीं तयार झालें. त्याच सुमारास, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, दुसऱ्या बाजीरावांनीं वसईच्या तहावर सही केली होती. आणि पुढच्या सप्टेंबरांत असईची लढाई झाली. हिंदुस्थानावर राज्य करावयाचें तें राजवाड्यांतून, दुकानांतून नव्हे, अशा आशयाचें समर्थन लॉर्ड व्हॅलेन्शिया या समकालीन प्रवाशानें या खर्चाचें केलें आहे. कंपनीच्या संचालकांस मात्र तो खर्च रुचला नाहीं. डार्बीशायरच्या कुळांवर छाप पडावी म्हणून जी रचना झाली, तीच येथें राजेरजवाड्यांवर दरारा बसविण्यास उपयोगीं पडली.

पुढें दैवयोग असा कीं, ११ जानेवारी १८५९ रोजीं केडल्स्टनमध्यें जन्मलेले जॉर्ज नॅथॅनियल कर्झन १८९९ मध्यें व्हाइसरॉय होऊन त्याच प्रतिमेंत राहावयास आले. १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकीर्दींतला, आणि १९०५ ची वंगभंगाची जखमहि त्यांच्याच हातची. जुन्या दगडांविषयीं ज्यांस एवढी आस्था, त्यांस जिवंत माणसांचें मन कळूं नये, हें नवल खरें. परंतु ज्या वाड्याच्या देखाव्यासाठीं गांव हलविलें गेलें, त्या वाड्यांत वाढलेल्या पुरुषाविषयीं तें फारसें नवल वाटूं नये.

केडल्स्टन हॉल १९८७ पासून नॅशनल ट्रस्टकडे असून तो लोकांस पाहावयास मिळतो. कर्झन यांनीं पूर्वेकडील देशांतून जमविलेल्या वस्तूंचें तेथें संग्रहालय आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारप्रसंगीं लेडी कर्झन यांनीं नेसलेला मयूरपिसांच्या नक्षीचा, हिंदी कारागिरांनीं जरीनें भरलेला पोशाखहि तेथेंच जपला आहे. कलकत्त्याचें भवन आतां पश्चिम बंगालच्या राज्यपालांचें निवासस्थान आहे. ॲडमच्या प्रतिभेस आमचें वंदन असो. तथापि आपल्या मुलांस असा एखादा प्रासाद दाखवावयास नेलें, तर स्तंभांची उंची सांगून झाल्यावर येथील चूल कोठें होती आणि येथलें गांव कोठें गेलें, एवढे दोन प्रश्न त्यांस विचारावयास शिकवावें.