आधी काय बंद करायचं?

गेले तीन वीकेंड मी एका डब्यात गुदमरून मरतोय. गेममध्ये हो. आई हा ब्लॉग वाचते, म्हणून आधीच सांगून ठेवतो :-)

गेमचं नाव 'टिन कॅन'. २०२२ मध्ये आलेला, पीसीवर खेळायचा. कथा म्हणाल तर एका वाक्याची: तुमचं यान गेलं, जीव वाचवायला तुम्ही एका छोट्या डब्यात शिरलात, आता सुटका करणारे येईपर्यंत जिवंत राहा. बंदूक नाही, परग्रहवासी नाहीत. डब्याच्या भिंतींवर यंत्रं आहेत. एक ऑक्सिजन करतं, एक कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं, एक हवेचा दाब सांभाळतं, एक तापमान, आणि या सगळ्यांना वीज पुरवायची व्यवस्था. यंत्राचं झाकण उघडतं, आत सुटे पार्ट असतात. पार्ट झिजतात. स्पेअर मोजके. ते संपले की एका चालू यंत्रातला पार्ट काढून बंद पडलेल्या दुसऱ्यात घालायचा आणि पहिल्याचं काय होतं ते बघत बसायचं. सोबतीला एक मॅन्युअल. तेही अलार्म वाजत असताना वाचायचं.

बस्स, एवढाच गेम. पण यावर लोकांची मतं इतकी टोकाची की मला गेमपेक्षा मतांचीच जास्त मजा यायला लागली. मग मी मुद्दामच एकेकाला खेळायला बसवायला लागलो.

पहिला बळी आमच्या टीममधला एक जण. बिचारा आठवडाभर ऑन-कॉल होता, रात्री तीनला सर्व्हर उठवत होता. वीस मिनिटं खेळला, हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, "अरे हा गेम कुठे आहे? हा शनिवारचा प्रॉडक्शन सपोर्ट आहे. फक्त कॉम्प-ऑफ मिळत नाही." हे मत मला पूर्ण मान्य आहे. ज्याच्या नोकरीत हेच चालतं त्याने यासाठी पैसे का द्यावेत?

दुसरा माझा रूममेट. अस्सल पुणेकर, त्यामुळे तक्रार मुद्देसूद. "अलार्म वाजतो, पण काय बिघडलंय ते सांगत नाही. हा अन्याय आहे." इथे मात्र माझं त्याच्याशी वाजलं. कार्बन डायऑक्साइड वाढतोय एवढंच डब्याला कळतं. फिल्टर गेला, पंखा गेला का वीजच कमी पडतेय, हे तुम्ही मागे मागे जात शोधायचं. (बंद खोलीत ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी हा वायूच माणसाला मारतो. हे मला इंजिनिअरिंग करून कळलं नव्हतं, या गेमने कळलं.) खऱ्या जगात कुठलं यंत्र स्वतःच्या तोंडाने सांगतं की माझा अमुक पार्ट गेलाय? घरात लाईट गेली की आम्ही आधी खिडकीतून शेजारी बघायचो. त्यांच्याकडे आहे म्हणजे आपला फ्यूज. गल्लीत कुठेच नाही म्हणजे डीपी. समोरच्या आळीतही नाही म्हणजे भारनियमन, मग कंदील काढा. लातूरच्या दहा वर्षांच्या पोराला हे येत होतं. रूममेटच्या घरी तेव्हा इन्व्हर्टर होता, असो.

तिसरं मत ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं. ती वही घेऊन बसली. कोणत्या यंत्रात कोणते पार्ट, कोणता पार्ट किती ठिकाणी चालतो, याचा आधी तक्ता केला आणि मगच खेळली. दुसऱ्या दिवशी ती वाचायला लागली, आणि त्याच दिवशी तिला कंटाळाही आला. म्हणाली, "काय होतंय ते कळत नाही तोवरच भीती आहे. तक्ता झाला की हे नुसतं काम." या गेमची खरी मर्यादा हीच आहे, आणि स्तुती करणारे नेमकं तेवढं गाळतात.

आमच्या हॉस्टेलवर, नांदेडला विष्णुपुरीला, 'एफटीएल' नावाच्या गेमवरून असेच वाद झडायचे. 'फास्टर दॅन लाइट'. दोघा जणांनी सुरू केलेला, किकस्टार्टरवर दहा हजार डॉलर मागून दोन लाखांवर मिळवलेला, २०१२ चा गेम. आमच्यात लोकप्रिय असण्याचं कारण सरळ होतं: तो कुठल्याही भंगार लॅपटॉपवर चालायचा. त्यात यानाला आग लागली की दारं उघडून सगळी हवा अंतराळात सोडून द्यायची, आग विझते. माणसं तेवढी आधी दुसऱ्या खोलीत हलवायची. वीज कमी पडली तर ऑक्सिजनची वीज काढून इंजिनाला द्यायची आणि श्वास धरून पळायचं. हा गेम नशिबाचा का डोक्याचा यावर मेसमध्ये पोळ्या गार व्हायच्या. हरणारे नशिबाच्या बाजूने असायचे, हे वेगळं सांगायला नको.

विषयांतर झालं. रूममेटचा दुसरा मुद्दा राहिलाच: "अंतराळात असं पाना घेऊन कोणी बसत नाही." त्याच्यासाठी ही गोष्ट.

राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये ज्या सोव्हिएत स्थानकावर जाऊन राहिले ते सल्यूत ७. पुढल्या फेब्रुवारीत, स्थानकावर कोणी नसताना, त्याचा पृथ्वीशी संपर्क तुटला. जून १९८५ मध्ये व्लादिमीर जानिबेकोव आणि विक्टर साविनिख हे दोघे सोयूझ टी-१३ मधून निघाले आणि मेलेल्या, काहीही उत्तर न देणाऱ्या स्थानकाला यान हाताने चालवून जोडलं. आत अंधार, भिंतींवर बर्फ, पाण्याच्या टाक्या गोठलेल्या. कारण काय निघालं? बॅटरी भरली की चार्जिंग तोडायचं, हे ठरवणारा एक सेन्सर बिघडला होता. बॅटऱ्या रिकाम्या होत गेल्या आणि चार्जिंग तुटलेलंच राहिलं. सूर्य समोर, पॅनेल शाबूत, आणि स्थानक उपाशी मेलं. या दोघांनी काय केलं, तर चांगल्या बॅटऱ्या निवडल्या, मधलं सगळं टाळून वायरी जोडून त्या थेट सोलर पॅनेलला लावल्या, आणि स्वतःचं यान वळवून अख्खं स्थानक उन्हाकडे फिरवलं. बंद पंख्यांमुळे स्वतःच्याच उच्छ्वासाचा ढग तोंडापुढे साठायचा, डोकं दुखायचं. यावर २०१७ मध्ये रशियन सिनेमाही निघाला. रूममेटने सिनेमा पाहिला, म्हणाला बरा आहे. गेमबद्दलचं मत बदललं नाही.

ही झाली सगळी पुण्यातली मतं. दिवाळीला लॅपटॉप लातूरला नेला.

माझा मावसभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. काकांनी टाकलेलं, आता दादाच बघतो. जळालेली मोटार आली की जुनं वाइंडिंग सोडवताना वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, स्लॉट मोजायचे आणि वहीत लिहून ठेवायचं. काकांच्या अशा अकरा वह्या आहेत. कंपनी कधी कागद देत नाही, त्यामुळे त्या वह्या हेच दुकानाचं मॅन्युअल. मोटारी जळायला आमच्याकडे कधीच तोटा नव्हता. बोअर सातशे-आठशे फूट खोल, वर व्होल्टेज कमी, आणि लाईट येणार रात्री. मोटार जळेल नाहीतर काय होईल?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याला खेळायला बसवलं. त्याने मॅन्युअल उघडलंच नाही. पहिला प्रश्न, "स्पेअर किती हायत?" सांगितलं. दुसरा प्रश्न, "आत किती मानसं?" म्हटलं, एकच. "मग दिवे कशाला जाळायलास?"

आणि अजून काहीही बिघडलेलं नसताना त्याने दिव्यांमधले पार्ट काढून बाजूला ठेवले. पुण्यात एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही सगळे बिघाड व्हायची वाट बघत होतो. हा आधी काय बंद करता येतंय ते बघत होता. पहिल्याच खेपेला तो माझ्या विक्रमाच्या पुढे गेला. बाहेर फटाके, आत आम्ही दोघं काळ्या स्क्रीनसमोर.

त्याचं मत मात्र कौतुकाचं नव्हतं. "खोटं हाय," म्हणाला. "ह्याचा पार्ट त्याला कसा बसायलाय? आमच्याकडं दोन कंपन्यांचा एक स्क्रू जुळत न्हाई."

दादाच्या बाजूने खुद्द नासाची साक्ष आहे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर टाकी फुटल्यावर तिघे अंतराळवीर चांद्रयानात शिरले. तिथले कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे पुरणार नव्हते, मुख्य यानातले भरपूर शिल्लक होते, पण ते चौकोनी आणि इथलं तोंड गोल! शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, सूटची नळी आणि चिकटपट्टी लावून बसवले. गेम बनवणाऱ्यांनी निदान एक चौकोनी डबा ठेवायला हवा होता.

दादाचा दुसरा आक्षेप मला सुचला नसता. "येकटाच कसा? शेजारी कोनीच न्हाई?"

यावर मला २०१६ आठवलं. मी बारावीला, लातूर पॅटर्नच्या घाण्यात. मांजरा धरण आटलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं, भांडणं होऊ नयेत म्हणून. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर. नंतर पन्नास वॅगनची यायला लागली. टीव्हीवर ती रेल्वे सगळ्यांनी पाहिली. घरात काय चालायचं ते कोणी दाखवलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासला. अंघोळ परातीत उभं राहून, म्हणजे तेही पाणी परत हाती लागतं. कोणत्या दिवशी काय धुवायचं नाही हे आई ठरवायची. त्या घरात तीच ऑपरेटर होती. आणि दादा रोज संध्याकाळी दुकानातून येताना मोटारसायकलला दोन कॅन लावून यायचा, एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. त्यांच्या गल्लीतल्या एकाच बोअरला पाणी राहिलं होतं. त्याची मोटार दादाने फुकट भरून दिलेली होती. मिरजेचं पाणीसुद्धा दुसऱ्या कोणाच्या तरी वाटचंच होतं की.

गेममध्ये हे नाही. तिथे पार्ट उसना घ्यायचा तो स्वतःकडूनच.

खेळ थांबवून चहा घेताना दादाने सांगितलं की तो नोकरी धरतोय. एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, तुळशीच्या लग्नानंतर. दुकान संध्याकाळी सहानंतर उघडणार. कारण मी विचारायच्या आधीच त्याने दोन पंखे उघडून दाखवले. जुन्यात तांब्याचं वाइंडिंग, जळालं की भरता येतं. नव्यात छोटं सर्किट, ज्याला दुकानात किट म्हणतात, त्यावर राळ ओतून सगळं बंद केलेलं. आतला पाच-दहा रुपयांचा कपॅसिटर गेला तरी तिथपर्यंत हात पोचत नाही. किट बदला, नाहीतर पंखाच बदला. वीज कमी लागते हे खरं, गिऱ्हाइकाला तेच हवं हेही खरं. पण वह्यांमध्ये लिहिण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

मी त्याला केंद्र सरकारच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलबद्दल सांगितलं, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेलं. त्याने ऐकून घेतलं. "किटाचा नकाशा मिळंल का त्याच्यावर?" तिथेच फोनवर शोधलं. त्याला हव्या असलेल्या किटाचा तरी मिळाला नाही. काका आतल्या खोलीत होते. त्यांना हे अजून सांगायचं होतं, म्हणून आवाज बारीक करून बोलत होतो.

मी म्हणालो, "पगार किती?" आकडा वाईट नव्हता. पोरीची फी, घराचं भाडं, आणि महिन्याच्या एक तारखेला नक्की पैसे. मी स्वतः याच कारणासाठी पुण्यात आहे, मी काय बोलणार होतो? मग आम्ही आणखी एक डाव खेळलो. या वेळी त्याने तापमानाचं यंत्रही बंद ठेवून पाहिलं. "थंडीनं मानूस लगेच मरत न्हाई," म्हणाला. बराच वेळ तगला.

परवा त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. सर्व्हिस सेंटरच्या टेबलाचा कप्पा, काढलेल्या किटांनी काठोकाठ भरलेला. भंगारात जायची ती. खाली लिहिलं होतं, "ह्यातली निम्मी चालू हायत."