आटलेली आमटी

धुळ्यात समुद्र? हो, आमच्या हॉलमध्ये आहे... काचेचा, दोनशे लिटरचा! त्यात एक सी अ‍ॅनिमोन, म्हणजे समुद्रफूल. बाहेर मे महिन्याचं ४२ अंश.

गेल्या उन्हाळ्यात वर्क फ्रॉम होम घेऊन घरी होतो, तेव्हा ते आखडायला लागलं. पाणी २६ अंशांवर राहावं म्हणून गोठवलेल्या बंद बाटल्या सोडल्या. दिवे तपासले, कारण त्याच्या अंगातलं शेवाळ उजेडावरच जगतं. पाणी कमी झालं की मिठाचं पाणी घालत होतोच. तरी रोज जास्तच मिटलेलं.

आई म्हणाली, "अरे, आमटी आटली तर तू मीठ टाकतोस की पाणी?"

मी गप्प. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं! घनता मोजली: १.०३१. हवी साधारण १.०२५. मग घाई न करता, रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओचं गोडं पाणी घातलं. पाचव्या दिवशी फुललं.

आता मी पुण्यात. काचेवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी आईच घालते. मी फोनवर आधी विचारतो, "उघडलंय का?" समुद्रापासून इतक्या लांब आणलेल्या जिवाचं एवढं तरी देणं लागतोच ना. असो.